गाऱ्हाण्याला 'व्हय' म्हणणारं माणूस

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच महिने विचार करत होते. देवाचे अनुभव सांगणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं, आणि आमच्या गावच्या देवाबद्दल, रवळनाथाबद्दल, तर मुळीच नव्हतं. त्याच्याशी माझं भांडण नवव्या वर्षी सुरू झालं आणि अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मी ते इमानाने चालवलं. हट्ट हा एक गुण तेवढा मी वडिलांकडून घेतला आहे.

माझं लहानपण मालवणकडच्या एका कोळीवाडीत गेलं. लोक सुट्टीत तिकडे जाऊन आले की मला म्हणतात, "किती नशीबवान तू!" मी हसते. ओहोटीला आई आणि मी खडपावर कालवं फोडायला जायचो. खडप म्हणजे समुद्रातला काळा, धारदार खडक, आणि कालवं म्हणजे त्याला चिकटलेले शिंपले. बोटं सोलून निघायची आणि खारं पाणी त्या जखमांत जाऊन बसायचं. वाडीत माराला कोणी मार म्हणत नसे. ते वळण लावणं होतं, आणि माझ्या बाबांचा हात वळण लावण्यात फार सढळ होता.

नऊ वर्षांची असताना एकदा कालवं फोडायची कोयती माझ्या हातून पाण्यात पडली. आई त्या दिवशी तापाने घरी होती. बाबा म्हणाले, कोयती मिळेपर्यंत खडपावरून हलायचं नाही. ते होडी घेऊन निघून गेले. भरती सुरू झाली. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, कमरेच्याही वर चढलं. शेवटी जाळी काढून परतणाऱ्या एका शेजाऱ्याने मला होडीत ओढून घेतलं.

पण माझं मन मोडलं ते त्या पाण्यात नव्हे. त्याच संध्याकाळी देवळात काहीतरी कार्य होतं. आमच्याकडे देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्या आवाजात देवाला सगळं सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. वाडीचं गाऱ्हाणं नेहमी बाबाच घालायचे. त्या संध्याकाळीही त्यांनी खणखणीत आवाजात सगळ्यांच्या लेकराबाळांना सांभाळ म्हणून देवाला सांगितलं आणि अख्खी वाडी "व्हय म्हाराजा" म्हणाली. ओल्या केसांनी खांबाला टेकून मी ते ऐकलं आणि ठरवलं की जो देव या माणसाचं ऐकतो, तो आपला नाही.

पुढे शिकले, स्पर्धा परीक्षा दिली, दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी लागली. आधी मुनिरक्यात एका खोलीत राहिले, मग फरीदाबादला दोन खोल्यांचं घर घेतलं भाड्याने. समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं बरं, असाच माझा हिशेब होता. गेल्या वर्षी आई गेली. तेरावं झाल्यावर काका बाबांना गाडीत बसवून माझ्याकडे घेऊन आले आणि चौथ्या दिवशी एकटेच परत गेले. आम्ही दोघं एका घरात राहू लागलो. जेवण वाढणं, औषध देणं हे सगळं मी नीट करत होते. माया तेवढी त्यात नव्हती.

थंडीत बाबा न्हाणीघरात घसरून पडले. दोन दिवस "काय नाय, काय नाय" म्हणत राहिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बोलताना अडखळायला लागले. हॉस्पिटलात नेलं तर डोक्यात रक्त साचलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या कागदावर माझी सही मागितली. इथे मला एक कबुली द्यायची आहे. पेन हातात धरून मी थांबले. फार नाही, दोन-तीन श्वास थांबले असेन. त्या तेवढ्या वेळात माझ्या मनात आलं की हा माणूस गेला तर मी सुटेन. मग सही केली. त्यांना आत नेलं आणि मला माझीच भीती वाटायला लागली.

हॉस्पिटलच्या मागे एक छोटं गवताचं मैदान आहे. दुपारचं ऊन होतं, नातेवाईक इथे तिथे डबे उघडून बसले होते. मी बाहेरच्या गाडीवरून एक नारळ आणला होता. का आणला ते आजही सांगता येणार नाही. तो भिंतीपाशी ठेवला आणि हात जोडले. आमच्याकडे बाई गाऱ्हाणं घालत नाही, आणि साथ द्यायला कोणी नसेल तर पुरुषही घालत नाही. दोन्ही चुका मी एकदम केल्या.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा," मी म्हटलं. "माझो बापूस परमुलखात आडवो पडलो हा, म्हाराजा."

मागून शांत आवाज आला, "व्हय म्हाराजा."

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढे बोलूच शकले नसते. ठरवलं होतं त्याला बरं कर म्हणून सांगायचं, पण तोंडातून भलतंच निघालं. "ह्याच बापसान माका नव वर्सांचा असताना भरतीच्या पाण्यात उभा केल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"त्येका कोयती मोठी वाटली, पोर नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

ही गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नव्हती. आईलाही नाही. आणि आता कोणीतरी माझ्या पाठीशी उभं राहून, न विचारता, न समजूत घालता, हो म्हणत होतं. मी हमसून हमसून रडले. शेवटी एवढंच म्हटलं, "त्येका ठेव नायतर ने, मी आता सांगूचंय नाय. तुझा तू बघ, म्हाराजा." त्यालाही साथ मिळाली.

वळले तर करड्या स्वेटरमधल्या, सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. गळ्यात बारीक क्रूस होता. "मी वेंगुर्ल्याची," त्या म्हणाल्या. "चाळीस साल झाली दिल्लीत. आमच्या शेजारी घालायचे ना गाऱ्हाणं, लहानपणी मी पण ओरडायचे त्यांच्याबरोबर."

"पण तुम्ही तर..."

"अरे बेटा, देव तुझा असू दे. 'व्हय' म्हणायला कोणीतरी माणूस तर पाहिजे ना? चलो, मी जाते, आमच्या मिस्टरांचं डायलिसिस संपलं असेल."

त्या काही अदृश्य वगैरे झाल्या नाहीत. पुढच्याच आठवड्यात परत भेटल्या आणि मला दटावलं की मी फार घाईने बोलले, त्यांना श्वास घ्यायलाही वेळ दिला नाही. अशा परमुलखातल्या रुग्णालयात, त्या वेळी, मालवणी समजणारं माणूस माझ्या मागे कसं आलं, यावर मी वाद घालणार नाही. आलं, एवढं खरं.

बाबा वाचले. महिन्याभराने बोलणं पुष्कळ सुधारलं. एके सकाळी त्यांना पेज भरवताना मी सांगून टाकलं की तुमच्यासाठी गाऱ्हाणं घातलं आणि त्यात खडपाचीही गोष्ट सांगितली. त्यांनी तोंडापुढचा चमचा हाताने बाजूला केला.

"मी खय गेललंय?" ते म्हणाले. "पलीकडच्या खडपाआड होडी लावन थांबललंय. तू हाक मारतलंस म्हणान. तू मारूकच नाय."

म्हणजे ते कुठे गेलेच नव्हते. मला राग आला, आणि तो मी तिथेच बोलून दाखवला. नऊ वर्षांच्या मुलीच्या हाकेची वाट बघत बसणारा बाप चुकलाच, बाबा. त्यांनी होकाराने मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, मी पुसलं.

मी ना त्यांना हाक मारली, ना देवाला. दोघांशीही एकोणीस वर्षं मनातून अबोला धरला आणि त्यालाच ताकद समजले. शरण जाणं म्हणजे सगळं माफ करणं, असं मला वाटायचं, म्हणून मी गेले नाही. आता वाटतं, शरण जायला एवढंच पुरतं की जे झालं ते खरं खरं सांगावं आणि पुढचं हातातून सोडावं. ज्याने त्या दुपारी माझं ऐकलं, त्याचे उपकार मानते. त्या सकाळी बाबांची वाटी अर्धीच झाली होती. पेज निवली होती, मी ती पुन्हा गरम करून आणली.