इनासदादाचा फणस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे, एका माणसाला सांगितलं, तेही यंदाच्या मे महिन्यात. त्याच्याबद्दल शेवटी बोलतोच. पण असं कुणाला समोर बसवून, पहिल्यापासून — नाही, कधीच नाही.

आमच्या गावातलं कुणी हे वाचत असेल तर त्याला हसू येईल. बस्त्यावच्या पोटात काय राहणार? बरोबर आहे. माझ्या फजित्या मीच तर सांगत फिरतो. पहिली टाळेबंदी उठून देऊळ उघडलं — आम्ही चर्चला देऊळच म्हणतो — त्या रविवारी दारातल्या पवित्र पाण्याच्या कुंडीत मी सॅनिटायझर ओतून ठेवला होता. हेतू चांगला होता. पाणी ठेवायला बंदी, आणि लोकांची बोटं सवयीने कुंडीत जाणारच, तर निदान स्वच्छ तरी होतील. बोटं गेली. तिथून कपाळाला गेली. ऊन चढलेलं, कपाळावरचं घामाबरोबर डोळ्यांत उतरलं. अर्धं देऊळ रडत होतं. फादर नवीन होते, त्यांना वाटलं, इतक्या महिन्यांनी देवाच्या घरी आल्यामुळे लोकांना भरून आलंय. त्यांनी प्रवचनात तसं सांगितलंसुद्धा.

ही गोष्ट मी पनवेलच्या बाजारात सांगितली आहे, जासईला मी कामाला आहे त्या कंटेनर यार्डात सांगितली आहे, अनोळखी रिक्षावाल्याला सांगितली आहे. सांगतो आणि हसवतो. का सांगतो, ते आता कळतंय. जो माणूस आपल्या सगळ्या फजित्या आपणहून सांगतो, त्याने एखादी मागे ठेवली असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

मी एक मागे ठेवली होती. तिला फजिती म्हणणं ही आणखी एक लबाडी झाली.

थोडं आधीपासून सांगावं लागेल. आमच्याकडे मे महिन्यात क्रुसाची लदीन असते. गावाच्या नाक्यावर, चिंचेखाली, जुना दगडी क्रूस आहे. त्याला चुना लावायचा, झेंडूच्या माळा घालायच्या आणि संध्याकाळी सगळ्या गावाने त्याच्याभोवती उभं राहून लदीन गायची. एकजण पुढे उभा राहून मरियामाउलीची एकेक पदवी गातो आणि गाव मागून एकच उत्तर देतं — ओरा प्रो नोबिस, आमच्यासाठी विनंती कर. शब्द लॅटिन. अर्थ कुणाला फारसा ठाऊक नाही, सूर मात्र प्रत्येकाच्या अंगात आहे. संपलं की उकडलेले चणे ओंजळीत घ्यायचे आणि गप्पा मारत घरी जायचं.

पुढे उभा राहून गाणारा म्हणजे इनासदादा. खाडीवर मासेमारी करणारा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. त्याच्या बापाकडून त्याच्याकडे ती लदीन आली. कागद नाही, काही नाही. एवढ्या पदव्या, एकामागून एक, माळेतल्या मण्यांसारख्या. आणि आवाज — काय सांगू? तो गायला लागला की नाक्यावरची कुत्रीसुद्धा बसून घ्यायची.

आणि मी? मी मागे उभा राहून उत्तर देणारा. लहानपणापासून. मला ते आवडत नव्हतं, हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

टाळेबंदीत लदीन बंद पडली तेव्हा मी ती घरात बसून गायली आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. इनासदादाकडे साधा फोन, तो त्या ग्रुपवर नव्हता. माझ्या गाण्याला अंगठे आले. भरपूर अंगठे. एकाने तर जोडलेले हातही पाठवले. माणसाचं डोकं फिरायला किती लागतं? मला वाटायला लागलं, गावाला इतकी वर्षं चुकीचा गायक मिळाला होता.

त्या काळात इनासदादाची बायको फिलू गेली. कोविड सेंटरमध्ये नेली, ती परत आलीच नाही. मातीला पाच-सहा माणसं, तीही लांब उभी. गाणं नाही. आमच्यात मेलेल्या माणसाला न गाता मातीत ठेवत नाहीत. गावात कितीही भांडणं असोत, गायला सगळे येतात. फिलूसाठी कुणी गायलं नाही, कारण कुणाला येताच येत नव्हतं.

मग दुसरी लाट ओसरली. बंधनं एकेक करून सुटत होती. आधी देऊळ पुन्हा उघडलं, मग थोडी माणसं चालतील असं झालं, मग उघड्यावर, मास्क लावून, अंतर ठेवून. फादर म्हणाले, मे महिन्यात राहून गेलेली क्रुसाची लदीन आता करू. चणे ओंजळीत नकोत, पुड्या बांधा. खडूने गोल काढा, प्रत्येकाने आपल्या गोलात उभं राहायचं. आणि येणाऱ्याचा ताप तपासायचा. ताप मोजायची ती बंदूक त्यांनी कुणाच्या हातात दिली असेल?

माझ्या. सॅनिटायझरच्या प्रकरणानंतरही. फादर खरोखरच क्षमाशील होते.

ती बंदूक अशी होती — कपाळासमोर धरायची, ठीक असेल तर हिरवा दिवा, ताप असेल तर लाल. फादरांनी बजावलं होतं की उन्हातून आलेल्या माणसाला ती कधीकधी उगाच लाल दाखवते. अशाला चिंचेखाली बसवून पुन्हा तपासायचं. इतकं सोपं काम.

लदीनीच्या चार दिवस आधी इनासदादा मला धक्क्यावर भेटला. जाळं नीट करत बसला होता. वर न बघता म्हणाला, "बस्त्या, पयली लदीन मी फिलूसाठी म्हननार हाय. तिच्या मातीला कोन गायला नाय ना."

मी म्हणालो, "म्हन ना, दादा."

हे लक्षात ठेवा. कारण पुढची काही वर्षं मी स्वतःला जी गोष्ट सांगत होतो तिच्यात हा धक्का नव्हता, जाळं नव्हतं आणि हे वाक्यही नव्हतं.

मी स्वतःला सांगायचो ती गोष्ट अशी — ऊन होतं, बंदूक बिघडलेली होती, मी घाबरलेला होतो. गावाची काळजी होती. चूक कुणाकडूनही होते.

ऊन उतरलं होतं. बंदूक चांगली होती. आणि मी अजिबात घाबरलेलो नव्हतो.

इनासदादा आला. दाढी केलेली, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा — इस्त्री फिलू करायची, ही त्याने स्वतः केली होती, कॉलर जराशी करपलेली दिसत होती. मास्क लावलेला. माझ्यापुढे येऊन त्याने लहान मुलासारखं कपाळ पुढे केलं. मी बंदूक धरली.

हिरवा लागला.

मी तळव्याने तो दिवा झाकला आणि म्हणालो, "दादा, ताप हाय. घरी जा."

बस. एवढंच. ठरवून केलं का? आदल्या रात्री बेत आखला होता का? नाही. पण हात चुकून गेला असंही नाही. माझ्या मागे सगळं गाव गोलांत उभं होतं, पुढची जागा रिकामी होती आणि ती मला हवी होती. तो एक क्षण मी नीट पाहिला आहे. तेव्हाही पाहिला होता.

त्याने स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. त्या दिवसांत माणसाचा स्वतःच्या हातावरही विश्वास उरला नव्हता. मग मागे असलेल्यांना म्हणाला, "लांब राव्हा, लांब राव्हा," आणि रस्त्याच्या पार कडेने, कुणाला वारा लागू नये असा चालत घरी गेला. करपलेल्या कॉलरचा सदरा घालून.

आणि मी गायलो.

कसा गायलो म्हणता? अर्ध्यात गाडी अडकली. एकच पदवी मी पुन्हा घेतली, पुढची आठवेना म्हणून परत तीच. गावाने प्रत्येक वेळी मुकाट्याने उत्तर दिलं. संपल्यावर रोझामावशी चण्यांची पुडी घेताना म्हणाली, "एकाच नावाने कितीदा हाक मारलीस रं? माउली बहिरी हाय असा वाटला काय तुला?" सगळे हसले. मीही हसलो. ही गोष्टही मी नंतर सांगत फिरलो — अर्थात मी पुढे का उभा होतो, तेवढं वगळून.

इनासदादा अंगणाकडेच्या खोलीत कोंडून बसला. तपासायला चल म्हणून मुलगा विनवत होता, पण तपासायचं म्हणजे त्याच सेंटरमध्ये जायचं, आणि फिलू तिथून आली नव्हती. तो हलला नाही. सुनेने नातवाला खारघरला माहेरी नेलं. दोन आठवडे तो माणूस त्या खोलीत मरणाची वाट बघत बसला. अंगात ताप नव्हता. एकदाही आला नाही. पण माझ्यावर विश्वास होता ना.

रोज कामावरून आलो की मी त्याच्या उंबऱ्यावर पेज ठेवून यायचो. मुलगा म्हणायचा, मी देतो. नाही, मीच न्यायचो. गावात नाव झालं. फादरांनी रविवारी सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं — शेजारधर्म. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

पहिल्याच दिवशी दाराआडून त्याने विचारलं, "लदीन झाली काय?"

"झाली."

"कोन बोलला?"

"मी."

आत बाज करकरली. मग म्हणाला, "बरा केलास. बंद नाय पडली."

एक वाक्य बोलायचं होतं. दार तर होतंच मध्ये, तोंडसुद्धा दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी तेच दार. तिसऱ्या दिवशी तेच. दरवेळी मी पेज ठेवली आणि आलो. पहिल्या दिवसाचं खोटं एका क्षणाचं म्हणा हवं तर. पण नंतरची? ती रोज नव्याने, पायांनी चालत जाऊन केली.

तो बाहेर आला तो बारीक होऊन आला. आणि पुढच्या वर्षी, सगळी बंधनं गेलेली असताना, मास्क नसताना, तो क्रुसापुढे गेलाच नाही. म्हणाला, "लोकांना माज्याजवल उभा राव्हाला भ्या वाटंल. तूच बोल, बस्त्या. तू होतास म्हनून गाव वाचला." तेव्हापासून दर मे महिन्यात लदीन मी गात आलो. आणि दर मे महिन्यात इनासदादाच्या परसातला पहिला फणस माझ्या घरी येत आला. उपकारांची आठवण म्हणून. बरका फणस, रसाळ, दारात ठेवला की घरभर वास. बायको-मुलं तुटून पडायची. मी म्हणायचो, मला बाधतो.

कबुली द्यायला मला जागा नव्हती असं नाही. दर उपासकाळात, ईस्टरच्या आधी, फादरांपुढे गुडघे टेकायचो. राग केला, शिव्या दिल्या, यार्डात कामचुकारपणा केला. "आणखी काही?" ते विचारायचे. मी एकदा शेजाऱ्याच्या कैऱ्या तोडल्याचं सांगितलं. तोडल्याही नव्हत्या.

यंदा क्रुसाला चुना लावायला आम्ही दोघंच होतो. तो खालचा चौथरा रंगवत होता, मी वरचे हात. मनात मी लांबलचक प्रस्तावना तयार केली होती. ऊन, भीती, तो काळ. तोंडातून आलं ते वेगळंच.

"दादा, त्या दिवशी हिरवा लागला होता. तुला ताप नव्हता."

त्याचा कुंचला चालू राहिला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग त्याने विचारलं, "फिलूचा म्हाईत होता तुला?"

"होता."

त्याने कुंचला बादलीत ठेवला. माझ्याकडे बघितलं — पहिल्यांदाच कुणीतरी मला बघतंय असं वाटलं. म्हणाला, "घरी जा."

मी गेलो. रस्त्याच्या कडेने.

संध्याकाळी गाव जमलं. मी मागे, रोझामावशीच्या शेजारी उभा राहिलो. "आज पुढं नाय काय?" ती म्हणाली. मी नाही म्हणून मान हलवली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग गर्दीतून एक घोगरा, म्हातारा झालेला आवाज निघाला. तो पुढे गेलासुद्धा नाही, होता तिथूनच गायला लागला. आवाज फाटत होता. पण पदव्या एकामागून एक आल्या, एकही सुटली नाही, एकही दोनदा आली नाही. आणि सगळं संपल्यावर, मेलेल्यांसाठी प्रार्थना असते तिथे, त्याने फिलूचं नाव घेतलं आणि तिच्यासाठी, तिच्या मातीवर गायला हवं होतं ते, सगळं गायलं.

मी मागून उत्तर देत होतो. सगळ्या गावाच्या आवाजात माझा आवाज मिसळून गेला होता, मलाच ऐकू येत नव्हता. किती वर्षांनी छाती भरून श्वास घेतला मी.

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. नाक्यावर दिसतो, जाळं खांद्यावर असतं, माझ्या अंगावरून पुढे बघत निघून जातो. गावाला त्याने काही सांगितलेलं नाही. ते काम माझं होतं, म्हणून हे लिहिलं.

यंदा फणस आला नाही. बायको दोनदा दारात बघून आली. मग मी पनवेलच्या बाजारातून एक विकत आणला, हाताला तेल लावून स्वतः फोडला आणि पोटभर खाल्ला.

अजिबात बाधला नाही.