देवक बसेपर्यंत

माझा मामा पिशवीतून पुस्तिका आणायचा, आणि लहानपणी मी त्याच वाचल्या. विटाळ, सुतक, सोयर हे सगळं माणसानं माणसाला दूर ठेवायला काढलंय, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. पाळी आल्यावर बाजूला बसायचं मी दहावीतच बंद केलं होतं. त्यामुळं ताईच्या लग्नात घरच्यांना खरी भीती माझीच होती.

अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, चुलते लोहाऱ्याला अंथरुणावर होते. अण्णांचे वडील लवकर गेले, तेव्हा याच चुलत्यांनी त्यांना वाढवलं, मेंढरं राखायला शिकवलं. ते आता गेले असते तर भावकीला दहा दिवसांचं सुतक आणि लग्न पुढं. नवरदेव फौजेत. रजा संपत आलेली, पुढची कधी मिळेल ते त्यालाही माहीत नव्हतं. भावकीत मूल जन्मून सोयर आलं म्हणून ताईचा साखरपुडा एकदा लांबला होता, तेव्हापासून तिकडची मंडळी जरा फुगलेलीच होती.

सुतकाला एक पळवाट आहे. ते मरणापासून नाही, कानावर पडल्यापासून लागतं. आणि एकदा देवक बसलं की लागत नाही. देवक हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बसायचं होतं. म्हणून आईनं अण्णांचा मोबाइल फडक्यात गुंडाळून जोंधळ्याच्या कोठीत पुरला होता.

हळदीच्या दिवशी दुपारी कोठीतून घरघर ऐकू आली. थांबली, पुन्हा सुरू झाली. बायका मोठ्यानं गाणी म्हणू लागल्या. आत्या हळद कालवताना म्हणाली, “जोंधळ्यालाच सुतक लागंल बघा आता.” सगळ्या हसल्या आणि त्यांनी लगेच पुढचं गाणं धरलं.

माझ्या फोनवर भावकीच्या ग्रुपमध्ये त्या चुलत आजोबांचा फोटो आला होता. हार घातलेला. खाली लिहिलं होतं, अंत्यविधी सायंकाळी.

काही देशांत मेलेल्याचं नाव घेत नाहीत. कुठं प्रेताला शिवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातानं जेवावं लागतं. हे मी वाचलं होतं. वाचताना ती माणसं मला लांबची वाटली होती.

मी गोठ्यात गेले. अण्णा वैरण टाकत होते.

“अण्णा, लोहाऱ्याला जाऊन येता का? गाडीवर आत्ता निघालात तर पोचाल. उद्या लग्नाला परत. कुणाला काय होत नाही.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या तोंडावरून त्यांना समजलं असावं.

“मला कुणी काय सांगितलं न्हाय,” ते म्हणाले. “तूबी सांगू नको.”

“पण तुम्हाला जायचंय ना?”

“लई जायचंय. पर गेलो तर कळलं म्हणावं लागंल.”

दाराशी ताई उभी होती, गालाला हळद लागलेली. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. ती परत मांडवात गेली. माझ्याकडं सगळी उत्तरं होती, पण त्यातलं एकही त्यांना संध्याकाळच्या आत लोहाऱ्याला पोचवणारं नव्हतं. मी सांगितलं नाही.

दिवस मावळताना अण्णा मांडवात नव्हते. गोठ्यामागं चपला काढून, लोहाऱ्याकडं तोंड करून ते उभे होते. मग चपला घालून आले आणि पाहुण्यांना जेवायला बसवू लागले.

सकाळी देवक बसलं. अण्णांनी कोठीत हात घालून मोबाइल काढला, फटींत अडकलेले जोंधळ्याचे दाणे नखानं टोकरून काढले आणि फोन लावला.

“आत्ता कळलं मला,” ते म्हणाले.

पलीकडून चुलतभावानं विचारलं नाही, एवढा वेळ कसा लागला. अण्णा ढसाढसा रडत होते, मांडवात वाजंत्री सुरू होती, आणि आता त्या रडण्याला कुणाची हरकत नव्हती.