कोकिळेचा चातुर्मास

सोवळ्याच्या काकूंच्या घरात वरच्या दोन खोल्यांत मी बरीच वर्षं भाड्यानं राहिले, पण त्यांच्या स्वयंपाकघराचा उंबरा काही मला ओलांडता आला नाही. मी मूळची लातूरची, बँकेच्या नोकरीमुळे नांदेडला आलेली, बाहेर कुठंही चहा पिणारी, त्यामुळे काकूंच्या लेखी माझा भरवसा नव्हता. एकदा एका वाढदिवसाहून परत आले तर त्यांनी मला जिन्यातच अडवलं आणि विचारलं, "केक खाल्लास का ग तिथं?" मी हो म्हणाले. "मग आधी डोक्यावरून अंघोळ कर, मग बोल माझ्याशी." मी हसत हसत अंघोळ केली. काकूंचा राग यायचा नाही, कारण दुसऱ्याला त्या जितकं छळायच्या त्याच्या दसपट स्वतःला छळायच्या. ओल्या लुगड्यात कुडकुडत पुरण वाटणारी बाई मी आयुष्यात तेवढी एकच पाहिली.

त्या पुरणावरच त्यांचा मान उभा होता. आमच्या गल्लीत महालक्ष्म्या बसल्या की नैवेद्याच्या पुरणाला काकू, नवरात्रात कुळधर्माला काकू, कुणाकडं मुंज असली की देवकाच्या स्वयंपाकाला काकू. नवरा लवकर गेलेला. विधवा बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं कोण करतं? वर्षाकाठी जी काही चार माणसं त्यांच्या दारी यायची, ती या सोवळ्यापायी यायची, आणि काकूंना ते पक्कं ठाऊक होतं. बोलावणं आलं की दोन दिवस त्या घरात गुणगुणत फिरायच्या.

मुलगा एकच, मंदार. पुण्यात मोठ्या कंपनीत. त्याच्या लग्नापासून काकूंचं एक वाक्य ठरलेलं होतं: "मंदारनं चल म्हणलं की मी चालले." नळ बिघडला, दुरुस्त करून घ्या म्हटलं तरी हेच, डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या म्हटलं तरी हेच. मंदार फोनवर बोलायचा दोन मिनिटं, आणि काकू त्यावर आठवडा काढायच्या.

असा तो मंदार एका आषाढात बायकोला, नेहाला, घेऊन गाडीनं आला. पुढच्या सीटवर जाळीची पेटी आणि पेटीत मांजराचं पिल्लू, कापसाच्या बोळ्याएवढं. दोघंही कंपनीच्या कामाला परदेशी निघाले होते, दिवाळीच्या आसपास परतणार. मांजरांच्या पाळणाघरात ठेवलं तर ते लोक पाकिटातलं खाणं घालतात, आणि मंदारनं व्हिडिओ बघून ठरवलेलं होतं की मांजराला कच्चं मांसच घालायचं. तेही आत्ताच, लहानपणीच, एकदा पाकिटाची चटक लागली की मग सुटत नाही म्हणे. हे सगळं तो आपल्या आईला सांगत होता. चार दिवसांवर आषाढी एकादशी आलेली, काकूंनी चातुर्मासासाठी कांदा, लसूण, वांगं सोडायची तयारी केलेली, आणि हा त्यांना कोंबडीचा खिमा किती द्यायचा ते समजावून सांगत होता. मी जिन्यात उभी होते. मला वाटलं, आता काकू त्याला पेटीसकट बाहेर काढतील.

काकूंनी पदर खोचला. मग मंदार म्हणाला, "आई, तेवढे महिने सांभाळ. आलो की तुम्हा दोघींनाही पुण्याला घेऊन जातो." काकूंनी पिल्लाकडं पाहिलं आणि नाव विचारलं. कोको, असं त्यानं सांगितलं. "कोकिळा म्हणेन मी," काकू म्हणाल्या, आणि विषय संपला. 'पुण्याला घेऊन जातो' या एका वाक्यासाठी त्यांनी काय पत्करलं हे त्या पोराला तेव्हा कळलं नाही. नंतरही कळलं नाही.

मागच्या अंगणात न्हाणीशेजारी कोकिळेचा वेगळा संसार मांडला गेला. मांस चिरायला वेगळी पाटी, वेगळी सुरी, वेगळी वाटी, आणि त्या वेळी नेसायचं एक जुनं पातळ. भिंतीपलीकडं शिवणकाम करणाऱ्या मुमताजभाभी राहायच्या. त्या स्टीलच्या डब्यात ताजं मांस भिंतीवरून द्यायच्या. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही नका हात लावू. मीच बारीक करून घालते तिला. तुमचा धरम कामून बुडवायचा?"

काकूंनी डबा ओढून घेतला. "माझ्या पोरानं मला सांगितलंय, तुला न्हाई."

पहिल्यांदा मांस हातात घेतलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते, हे मी वरच्या खिडकीतून पाहिलं. नंतर नळाखाली धरून ते इतकं धुतलं की पांढरं फटक पडलं. कोकिळेनं वास घेतला आणि पाठ फिरवली. मंदारचा फोनवरून उपदेश आला की धुऊ नको, आणि एकदम सगळं बदलू नको. तिच्या सवयीच्या, पाकिटातल्या भिजवलेल्या खाण्यात आधी नखाएवढं कच्चं मांस कालवायचं, ते पचलं की थोडं वाढवायचं, पोट बिघडलं की पुन्हा मागं यायचं. काकूंनी हे सगळं पुरणाच्या शिस्तीनं केलं. वाटी गरम पाण्यात ठेवून मांस कोमट करायचं, कारण गार मांसाला पिल्लू तोंड लावत नाही. हाडासकट दळून आणलेलं मांस वेगळं, काळजाचा तुकडा वेगळा आणि अगदी थोडा. उरलेलं ताबडतोब उचलायचं, पाटी कढत पाण्यानं घासायची. आणि मग डोक्यावरून अंघोळ. पिल्लाला थोडं थोडं पण सारखं लागतं, त्यामुळे काकू दिवसभर अंगणात ओल्याच्या ओल्या.

एवढं करूनही कोकिळेचं पोट धड राहीना. चार दिवस बरी, पाचव्या दिवशी जुलाब, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. श्रावणात तर तिची पाठीची हाडं दिसायला लागली. एका दुपारी ती मान टाकून पडली, तेव्हा मी आणि काकू तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हशी तपासून थकलेले, पण माणूस चौकस. कच्चं मांस त्यांना तसंही पसंत नव्हतं, जंतूंची भीती असते म्हणाले, पण हे दर आठवड्याला बिघडतंय ते त्यानं नाही, असं त्यांना वाटत होतं. ते कधी बिघडतं, काय खाल्ल्यावर बिघडतं, असं खोदून खोदून विचारत राहिले. काकू उत्तर द्यायला टाळाटाळ करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सोमवारी मी तिला ते देत न्हाई. श्रावणी सोमवार असतो. एकादशीला बी न्हाई."

मग काय देता, असं डॉक्टरांनी विचारलं.

"दूध आणि भगर. मी तिला काय उपाशी मारून राहिले का? माझ्याच ताटातली देते."

डॉक्टरांना हसू आवरेना. मीही हसले, आणि मग टोपलीतल्या पिल्लाकडं बघून ओशाळले. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि शांतपणे समजावलं की हे पिल्लू वाढीचं आहे, दुधानं त्याचं पोट जातं, आणि उपासानं ते मरेल. काकूंनी मान खाली घातली. घरी येताना रिक्षात त्यांनी टोपली मांडीवर घेतली होती, आणि त्या मला म्हणाल्या, "तिला काही झालं तर मी मंदारला काय सांगू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तिथून काकू बदलल्या. पुढची एकादशी आली तेव्हा स्वतः निर्जळी राहून त्यांनी अंगणात बसून खिमा कालवला. पावसाळी हवेत दिवसभराच्या अंघोळींनी त्यांना खोकला धरला होता, छातीत घरघर होती. डॉक्टरांनी, म्हणजे आता माणसांच्या, अंघोळी बंद करा असं बजावलं. काकू दोन दिवस देवासमोर बसून होत्या. तिसऱ्या दिवशी कोकिळेला खाऊ घालून त्यांनी साबणानं हातपाय धुतले, पातळ बदललं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन वरण चढवलं. मी उंबऱ्याशी उभी होते. त्याच म्हणाल्या, "देवाला समजतं. त्याला बी लेकरं हायेत."

देवाला समजलं असेल. गल्लीला समजलं नाही. भिंतीवरून येणारा डबा सगळ्यांनी पाहिलाच होता, आता अंघोळ बंद झाल्याचीही बातमी झाली. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी काकूंनी सोवळ्याचं लुगडं धुऊन वाळत घातलं आणि दाराशी बसून राहिल्या. कोपऱ्यावरच्या वहिनींकडं त्या दरवर्षी जायच्या. त्या वहिनी समोरून भाजीच्या पिशव्या घेऊन गेल्या, काकूंकडं बघून हसल्या आणि थांबल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत कुणीच आलं नाही. मी वहिनींना जाऊन विचारलं तर म्हणाल्या, "अहो, त्या हातांचं पुरण महालक्ष्म्यांना कसं दाखवायचं?" या वहिनींचाच थोरला मुलगा दर शनिवारी फोनवरून बिर्याणी मागवतो आणि गच्चीत बसून खातो, ते साऱ्या गल्लीला माहीत आहे. ते त्यांच्या महालक्ष्म्यांना चालतं. मी तसं तोंडावर बोलले, तेव्हापासून वहिनी माझ्याशी बोलत नाहीत, आणि माझं त्यावाचून काही अडलं नाही.

काकूंनी लुगडं घडी करून ठेवलं. नवरात्रातही कुणी बोलावलं नाही. "जाऊ दे," त्या म्हणायच्या, "मी कुठं आता इथं राहणार हाय." पुण्याला न्यायच्या वस्तू त्यांनी एका बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली होती.

कोकिळा मात्र फोफावली. पाकीट कधीच सुटलं, तिची लव रेशमासारखी झाली, काळजाच्या तुकड्यासाठी ती काकूंच्या पायात घोटाळायची. मंदारचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा काकू तिला कॅमेऱ्यासमोर धरायच्या. तो वजन विचारायचा, दात विचारायचा, अगदी शीचा रंग विचारायचा. काकू सगळं सांगायच्या. मधेच खोकल्याची उबळ आली की फोन लांब धरायच्या. त्यानं एकदाही विचारलं नाही की आई, हा खोकला कसला. मांजराचा आहार ज्याला इतका कळतो त्याला आईची छाती वाजलेली ऐकू येत नाही, याची मला तेव्हाही चीड यायची आणि आजही येते.

दिवाळीच्या आधी तो एकटाच आला. पिल्लाला उचलून, दिव्याच्या उजेडात धरून बघितलं, खूष झाला. जेवला. काकूंनी बॅग दाराशी आणून ठेवली होती, साधी, कपड्यांची. ती बघून त्यानं हात धुतले आणि म्हणाला, "आई, आम्ही खूप विचार केला. तुझं सोवळं-ओवळं आमच्या फ्लॅटमध्ये जमायचं नाही. आमच्या किचनमध्ये रोज कोकोचं मांस असणार. तुलाच त्रास होईल. तू इथंच सुखी आहेस."

मी तिथंच उभी होते. "अरे मंदार," एवढं मी म्हणाले, तोच काकू माझ्याकडं वळल्या. "शैला, जरा फाटक उघड जा. त्याला उशीर होऊन राहिला."

मी गेले. मागून काकूंचा आवाज येत होता. "कोमट करून घाल रे तिला. फ्रीजमधलं गार खात न्हाई ती." पेटी पुढच्या सीटवर ठेवली गेली. गाडी वळली, आणि काकू हात हलवत उभ्या राहिल्या.

मी संतापलेलीच होते. म्हणाले, काकू, कामून नाही सांगितलं त्याला? तुम्ही सोवळं कधीच सोडलं, आणि त्याच्याच मांजरापायी सोडलं, हे त्याला कळायला नको?

"सांगितलं असतं, तर त्याला दुसरं कारण शोधावं लागलं असतं," काकू म्हणाल्या. "ते मला ऐकायचं नव्हतं."

खोकला त्या थंडीत वाढला आणि माघात काकू गेल्या. मंदार आला, सगळं रीतसर केलं. भेटायला आलेल्या बायकांना तो खालच्या खोलीत बसून सांगत होता की आईला न्यायचं फार मनात होतं, पण तिचं सोवळं इतकं कडक की काही इलाजच नव्हता. कोपऱ्यावरच्या वहिनी तिथं सगळ्यांत पुढं बसल्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हाव बाई, अशी सोवळ्याची बाई आता गल्लीत होणे नाही." बाकीच्यांनी माना हलवल्या, आणि मंदारनंही हलवली. मी उठून वर गेले, आणि त्याच आठवड्यात लातूरला बदलीसाठी अर्ज केला.