आबांची काठी मनालीत

नृसिंहवाडीत कृष्णेचं पाणी चढायला लागलं की लोक बातम्या बघत नाहीत, माझ्या सासऱ्यांकडं बघतात. आबा, म्हणजे बाळासो, पाण्याच्या कडेला काठी रोवतात, तासाभरानं बोटं लावून मोजतात आणि सांगतात, "अजून टाइम हाय," नाहीतर, "जनावरं सोडा." चाळीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत, हे ते स्वतःच सगळ्यांना ऐकवतात.

फेब्रुवारीत आम्ही गल्लीतली बारा माणसं मनालीला गेलो. बर्फ बघून आबा खुळ्यासारखे नाचले. सासूबाईंच्या पाठीत बर्फाचा गोळा हाणून वयाच्या सत्तरीत पळत सुटले. मला हसून हसून उचकी लागली.

तिसऱ्या सकाळी त्या बर्फावर धो धो पाऊस सुरू झाला. आमचं हॉटेल ओढ्याच्या अगदी काठावर. मालकीणबाई भिजतच धावत आली, "बर्फ पिघल रही है, ऊपर भागो!" आमच्यातलं एक माणूस हललं असेल तर शपथ! सगळ्यांचं एकच, "आबा सांगतील तवा." आबांनी ऐटीत काठी रोवली आणि फर्मावलं, "तासाला चार बोटं चढंल. निवांत च्या घ्या."

घेतला. खोटं कशाला बोलू, मी तर वर खारीही मागितली.

खारी बुडवतेय तोवर आबा ओरडले. काठी गायब! राखाडी पाणी बर्फाचे लगदे घेऊन पायरीला लागलं होतं. आबांनी त्यात हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. आबांना घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी खारी कपातच सोडून उठले.

"ही नदी माझ्या वळखीची न्हाय! मला काय कळंना. बाई म्हणत्यात तसं पळा की!"

पळालो. सासूबाई एकाच पायात चप्पल घालून सगळ्यांच्या पुढं. टेकडीवरून बघतोय तर आमचे कप व्हरांड्यातून ओढ्याबरोबर निघालेले. आबा मालकीणबाईच्या पाया पडायला वाकले, ती लाजून मागं सरली, आणि थंडीनं दात वाजत असताना आम्ही वेड्यासारखे हसत सुटलो.

जुलैत कृष्णा चढली. आबा काठी घेऊन घाटावर पोचतात तोच मालकीणबाईचा फोन. तिनं टीव्हीवर कोल्हापूरचा पाऊस बघितला होता.

"बहन, अभी टाइम हाय, चार बोटं..."

पलीकडून आवाज घाटभर घुमला, "लकडी छोडो, भागो!"

आबांनी पाण्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि काठी खांद्यावर टाकली.

"जनावरं सोडा," ते गल्लीला म्हणाले. "बाई सांगत्यात."