थदडीच्या दिवशी पेटलेली चूल

थदडीच्या दिवशी मी सिंध्यांच्या बराकीत स्पिरिटचा दिवा पेटवला. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मलाही तसंच वाटलं, म्हणून तर पेटवला. थदडी म्हणजे शीतळामातेचा सण. आदल्या दिवशी स्वयंपाक उरकून चुलीवर पाणी शिंपडायचं, तिला निजवायचं आणि सणाला सगळं गार खायचं. घरात ठिणगीसुद्धा पडता कामा नये, नाहीतर माता कोपते आणि पोरांना देवी येतात. पिंपरीच्या कॅम्पातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. देवीची लस टोचायला सरकारनं नेमलेल्या मला तेवढं नव्हतं.

ती बराक अम्मांची. सिंधमधून आगबोटीनं आलेली, उंचनिंच, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो आवाज अजून कानात आहे. गोणपाटाचे पडदे लावून एका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं. आल्यागेल्याला पाणी-पापड मात्र अम्मांकडेच. "पहिले पाणी, फिर बात," हा तिचा कायदा. एकदा गटारावरून दम भरायला आलेले साहेब पापड खाऊन, तोंड पुसत, तिच्या पाया पडून परत गेले. मी दापोडीहून सायकल हाणत यायचो तो लशीसाठी की पापडासाठी, हे आमच्या डॉक्टरांना नीट माहीत होतं.

त्या दिवशी मात्र घाई होती. शेजारच्याच बराकीत देवीचा रोगी सापडला होता आणि अम्मांच्या नातीला, मोहिनीला, अजून लस टोचलेली नव्हती. मी बसकण मारली, सुई तापवायला दिवा लावला. निळी ज्योत उठली आणि बायका अशा किंचाळल्या की मला वाटलं, माझीच पाटलोण पेटली. उठून बघतो तोवर अम्मांनं अख्खी कळशी दिव्यावर आणि माझ्यावर रिकामी केली.

"मातेच्या दिवशी आग? माझ्या पोरीला मारतो काय? चल, निकल!"

भिजल्या मांजरासारखा मी नळापाशी जाऊन बसलो. थोड्या वेळानं अम्मां मागोमाग आली. डोकं वाचवायला मी दोन्ही हात वर केले.

"चल. दिवा लाव."

मी हात खाली घेतले.

"मुंबईला उतरलो ना, त्या पहिल्या छावणीत पण सुईवाला आला होता. थदडीच होती. मी बोलली, आज नाही, कल आ." तिनं कमरेपाशी हात धरून उंची दाखवली. "गोपू. मोहिनीचा मोठा भाऊ. सुईवाला आठवड्यानी आला. तेव्हा गोपू नव्हता."

मी पेटी उघडली. दिवा भिजलेला, काडेपेटीचा लगदा. लशीच्या नळ्या बंद काचेच्या, म्हणून तेवढ्या वाचलेल्या. अम्मांनं ते पाहिलं आणि आत जाऊन, सगळ्यांदेखत, निजवलेली चूल पेटवली.

"माता कोपेल गं!" एक म्हातारी ओरडली.

"कोपू दे. माझ्यावर कोपू दे. मी बसली ना इथे," अम्मां फुंकणी न सोडता म्हणाली.

त्या जाळावर मी सुई तापवली, निवू दिली आणि मोहिनीच्या दंडाला टोचली. पोरीनं हूं की चूं केलं नाही. मग अम्मांनं मागं वळून नुसतं पाहिलं. एकेक आई आपलं मूल पुढं ढकलू लागली. सगळ्या बराकीत नाक ओढणारा एकटा मीच.

अम्मांनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पोरगी चूप, आणि सुईवाला रडतो! पुट, बेटा, डॉक्टरला सांग, पुढच्या टायमाला कोणी मोठा माणूस पाठव."