मिरवणूक अडली तेव्हा

विसर्जनाची मिरवणूक पाहायला मी आणि वहिनी भर दुपारी बाजारातल्या अरुंद गल्लीत शिरलो. पुढे गणपतीचा ट्रॅक्टर अडला, पण मागून माणसं येतच राहिली. एकाएकी माझ्या लक्षात आलं, मी चालतच नव्हते. गर्दी मला नेत होती. श्वास पुरेना.

"हात छातीशी धर. कुणाला रेटू नकोस, कडेकडेनं सरक," वहिनी शांतपणे म्हणाली.

तसंच सरकत आम्ही एका दुकानाच्या पायरीवर चढलो. गर्दीत कुणालाच कुणाचं वाईट करायचं नसतं; प्रत्येक जण फक्त अर्धं पाऊल पुढे टाकत असतो. "मागे व्हा," आम्ही वरून सांगत राहिलो. ताशांच्या आवाजात कुणालाच ते ऐकू गेलं नाही. मागची माणसं हसत, गुलाल उधळत पुढेच येत होती.