कुंडलिकची निवळी

चुन्याची निवळी करावी ती कुंडलिकनंच, असं सोलापुरातल्या त्या हायस्कुलात सगळे मानायचे. आणि सगळ्यांत जास्त मानायचा तो स्वतः कुंडलिक. माढ्याहून येऊन शाळेत शिपाई झाला, त्याला बारा वर्षं झाली होती. चुनकळी पाण्यात भिजवायची, गाळ खाली बसू द्यायचा, हात न हलवता वरचं नितळ पाणी ओतून घ्यायचं आणि लगेच बूच मारायचं. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली त्याच्या करगोट्याला असे. झोपतानाही तो ती काढत नसे.

एकतीस साली अक्कलकोटकडचा सिद्धलिंगप्पा आला. बावीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला. हेडमास्तरांनी त्याला प्रयोगशाळेत मदतनीस नेमलं आणि किल्ली त्याच्या हाती दिली. कुंडलिकच्या अंगाचा तिळपापड झाला.

"एवढं काय, किल्लीच हाय की ती," बायको सोजरबाई म्हणाली. त्या दिवशी तो जेवला नाही. सिद्धलिंगप्पा 'मामा, मामा' करत मागं फिरायचा, ते तर त्याला मुळीच सोसेना. निवळी आपण करायची आणि नाव ह्यानं कमवायचं!

मग शाळेची सरकारी तपासणी ठरली. मेणबत्ती जळताना कोणता वायू निघतो, ते तपासणीला येणाऱ्या साहेबांना सिद्धलिंगप्पा दाखवणार होता. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तो कपाट उघडं टाकून हेडमास्तरांकडं गेला आणि कुंडलिकनं डाव साधला. मास्तरांच्या चहाची पेटती शेगडी त्यानं टेबलाखाली सरकवली, निवळीची बरणी उघडून शेजारी ठेवली, खिडक्या लावल्या आणि दार ओढून घेतलं. शेगडीजवळ उघडी राहिलेली निवळी बिघडते, हे तो एकदा बोलणी खाऊन शिकला होता. का बिघडते, ते त्याला ठाऊक नव्हतं.

सकाळी शेगडी उचलायच्या आधीच साहेब येऊन थडकले. बरणीतलं पाणी पांढुरकं, वर साय. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. दाराशी उभ्या कुंडलिकला फार बरं वाटलं.

सिद्धलिंगप्पानं बरणी पाहिली, शेगडीतली राख पाहिली, बूच पाहिलं.

"साहेब, काल इथं कोळसे जळले. जळताना कोळशातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. तो दिसत नाही, त्याला वासही नाही. बंद खोलीत साचला, तो ह्या निवळीनं पांढरं होऊन दाखवला. मेणबत्तीतून तोच निघतो, गिरणीच्या चिमणीतूनही तोच."

मग त्यानं कपाटातून दुसरी, बूच मारलेली बाटली काढली. झाकलेल्या भांड्यात मेणबत्ती जळून विझू दिली आणि त्यात ती नितळ निवळी ओतून हलवली. पाणी दुधाळ झालं.

"शेगडीची कल्पना कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"कुंडलिकमामांची."

साहेबांनी सगळ्यांदेखत कुंडलिकची पाठ थोपटली. त्याला वर बघवेना.

सगळे गेल्यावर सिद्धलिंगप्पानं किल्ली पुढं धरली. "ही तुमच्याकडंच असू द्या मामा. हेडमास्तरांना मी विचारलंय. तुमच्यासारखी निवळी मला जमत न्हाय."

"मीच केलं ते, तुला कळलं कसं रं?"

"बूच धुऊन, पुसून, फडक्यावर उलटं ठेवलं होतं. हितं दुसरं कोण ठेवतंय तसं?"

कुंडलिकनं किल्ली करगोट्याला बांधली. हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि त्या पोराचा इतका हेवा त्याला आजवर कधी वाटला नव्हता.